सख्ख्या भावावर साक्ष

कळंबच्या शिवारात कालव्याच्या चारीच्या पाण्यावरून भांडणं रोजचीच; पण त्या साली शेजारच्या रानातल्या म्हस्कूचा जीव गेला. बनाबाईनं ते डोळ्यांनी पाहिलं. भर दुपारी ती भावाची भाकर घेऊन बांधावर आली आणि त्याच वेळी झुंबरनं उगारलेलं खोरं म्हस्कूच्या टाळक्यात बसलं. झुंबरनं तिच्याकडं एकदाच पाहिलं नि तो उसात शिरला.

झुंबर तिचा थोरला भाऊ. ऐन विशीत ती विधवा होऊन परत आली, तेव्हा भावकीच्या नाकावर टिच्चून त्यानंच तिला घरात ठेवून घेतलं होतं.

फौजदारानं मात्र सोपानला बेड्या ठोकल्या. सोपान म्हस्कूचा सालगडी. आदल्या दिवशीच दोघांची चारचौघांत जुंपली होती. खरं काय याची कुजबुज होती, पण गाव गप्प बसलं. गड्यामाणसापायी झुंबरशी वाकडं कोण घेणार?

 शेवटी बनाबाईनं झुंबरला गोठ्यात गाठलं.

"दादा, तू सोताहून जा. राग आला, हात उठला, आसं सांग."

"आन् माझी पोरं?"

"त्यास्नी समदी भावकी हाय. सोपानच्या पोरांला कोन हाय?"

झुंबरनं वैरणीची पेंढी खाली टाकली. "तू माझ्या घरचं खातीस, बने. तू न्हाय बोलायची."

इंदापूरच्या कचेरीत चौकशी लागली, त्या दिवशी सोपानच्या बायकोबरोबर, नकोशीबरोबर, ती गाडीत बसून गेली. मामलेदारानं विचारलं, "खोरं कुणाच्या हातात होतं?"

"माझ्या भावाच्या."

"सख्ख्या?"

"व्हय. त्यानंच मला पोसलं."

सोपान सुटला. झुंबरला पुण्याच्या कोर्टानं सक्तमजुरी दिली. भावजय छबूबाईनं बनाबाईचं गाठोडं दाराबाहेर फेकलं. नकोशीनं तिला आपल्या खोपटात जागा दिली. गावानं तिच्याशी बोलणं टाकलं. म्हस्कूच्या घरचेसुद्धा तिला पाहून वाट बदलत. सख्ख्या भावाची न झालेली बाई आपली काय होणार, असं त्यांनाही वाटे.

पुढच्या दिवाळीला, भाऊबीजेच्या दिवशी, भिगवणला आगगाडी धरून ती येरवड्याला गेली. झुंबर भेटीला आलाच नाही. वर्षानं ती पुन्हा गेली. या खेपेला तो गजाआड येऊन उभा राहिला. गालफडं बसलेली, डोकं भादरलेलं.

"कशाला आलीस?"

"भाऊ हाईस म्हनून."

 शिपाई हाक मारीपर्यंत तो आत गेला नाही.