मी बंद पडले नव्हते

मी गाडी बोलतेय. चारही चाकांना जोर असलेली, चिखलातून, वाळूतून, बर्फातून वाट काढणारी गाडी. वय सत्तावीस. रंग मूळचा हिरवा, आता जिथे उरलाय तिथे हिरवा. सध्या डोंगराच्या पायथ्याशी एका गॅरेजच्या दारात उभी आहे. माझ्याबद्दल एक खोटी गोष्ट पसरलेली आहे, ती तुमच्या कानावर घालायला तोंड उघडलंय. माझं तोंड म्हणजे बॉनेट, पण चालवून घ्या.

कारखान्यातून निघाले ती थेट रस्ते मोजणाऱ्या खात्यात गेले. तिथे नऊ वर्षं काढली. अकरा ड्रायव्हर झाले. प्रत्येकाने सीटवर आपापला खड्डा पाडला आणि टायरची हवा बघायचं काम पुढच्यावर ढकललं. बारभाई कारभार, दुसरं काय. मग लिलावात निघाले. घ्यायला आलेले लोक टायरला लाथा मारून पारख करत होते. एकाने मात्र इंजिन चालू करायला लावलं, बॉनेटला कान लावला आणि डोळे मिटून घेतले. ‘हिला काही झालेलं नाही, हिच्याकडे कुणी बघितलेलं नाही,’ असं तो म्हणाला. त्या वाक्यावर मी भाळले.

तो पंपांच्या कारखान्यात फिटर होता. बायको घरी शाळांचे गणवेश शिवायची. मी दारात आले आणि चार महिन्यांनी त्यांना मुलगी झाली, लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी. ‘आधी आली ती थोरली,’ असं बायको म्हणाली आणि ते नाव मला चिकटलं. मुलगी धाकटी. पाहुणे गोंधळायचे. थोरली सकाळी खोकते, थोरलीचं खालून गळतंय, असं ऐकून शेजारची एक बाई चांगल्या डॉक्टरचा पत्ता लिहून देऊन गेली होती.

मीही मनातल्या मनात त्या दोघांना आई-बाबा म्हणायला लागले. एवढं सगळं झाल्यावरसुद्धा तोंडात तेच येतं, काय करू.

अठरा वर्षं सुखाची गेली. धाकटी शिकायला वसतिगृहात गेली, बाबा निवृत्त झाले, आणि गेल्या हिवाळ्याच्या तोंडावर एक पत्र आलं. आईच्या थोरल्या भावाच्या शेजाऱ्याने लिहिलं होतं. हा मामा डोंगरापलीकडच्या पठारावर, रस्ता संपतो त्या गावात एकटा राहतो. त्याची छाती भरली होती, खोकला हटत नव्हता, आणि हा हिवाळा तो काढेल असं शेजाऱ्याला वाटत नव्हतं.

बहीणभावांत सतरा वर्षं बोलणं नव्हतं. आजी वारली तेव्हा आई पोहोचली नव्हती. मामाचं म्हणणं, बोलावूनही आली नाही. आईचं म्हणणं, सगळं उरकल्यावर त्याने कळवलं. दोघंही एकाच मुशीतली, पहिलं पाऊल कोण टाकणार? पत्र वाचल्यावर आईने सुई मशीनमध्येच सोडली आणि म्हणाली, ‘अहो, मी जाणार. तो दारातून हाकलून देईना का.’ शेजाऱ्यालाही तिने तसं कळवून टाकलं.

पठाराचा रस्ता हिवाळ्यात चार महिने बंद असतो. शेवटच्या चढावर एक फाटक आहे, ते ठरलेल्या तारखेला दुपारी बारा वाजता बंद होतं. त्याच्या आत पोहोचायचं होतं. वाट अठराशे किलोमीटरची. राहायचं, शिजवायचं, झोपायचं, सगळं माझ्यातच. ‘थोरली आहे ना,’ आई म्हणाली, आणि बाबांनी मागची सीट काढून फळ्यांचा पलंग ठोकला.

मी आयुष्यात इतकी नटले नव्हते. आईने काचांना जाड दुलईचे पडदे शिवले. फळ्यांखाली तांदूळ, बटाटे, अंडी, स्टोव्ह आणि चाकांना लावायच्या साखळ्या. सकाळी दोघांच्या श्वासाची वाफ काचांच्या आतल्या बाजूला गोठलेली असायची, आई ती उलथन्याने खरवडायची. एका सकाळी अंडी फोडायला गेली तर दगड झालेली. ‘सोलून खा आता,’ ती म्हणाली आणि दोघं पोट धरून हसली.

थंडीत बॅटरीचा जीव जातो. म्हणून रोज संध्याकाळी बाबा माझी बॅटरी काढून आत घ्यायचे आणि गोधडीत गुंडाळून दोघांच्या मध्ये ठेवायचे.

‘लग्नाला बत्तीस वर्षं झाल्यावर सवत आणली,’ आई म्हणायची.

‘सवत कसली, पाहुणी आहे. उजाडलं की जाते,’ बाबा म्हणायचे.

उजाडलं की ते ती परत बसवायचे, आणि मी पहिल्याच फटक्यात चालू व्हायचे. एकदाही नाटक केलं नाही. डिझेल गोठू नये म्हणून त्यात रॉकेल मिसळलेलं असायचं. ते मला मुळीच आवडत नाही, पण तेही मुकाट्याने प्यायले. सपाटीवर आई चालवायची, चढावर बाबा. धाकटीचा फोन आला की आधी माझी चौकशी व्हायची, मग त्यांची.

बाबा मात्र जागोजागी थांबायला लागले. बारा दिवसांची वाट, पण आज तेल बदलू, उद्या चाकं फिरवून लावू, परवा हवा बरी दिसत नाही. मला वाटायचं, किती जपतात. मी वेडी. एखाद्या कोडकौतुकात वाढलेल्या मुलीसारखी फुशारले होते.

सोळाव्या दिवशी दुपारी आई ओढ्यावर पाणी आणायला गेली आणि बाबा माझ्या खाली आडवे झाले. सैल काहीच नव्हतं. तरी पाना हातात धरून ते माझ्या पोटाशी बोलायला लागले. फिटर लोकांना ती सवय असते.

‘थोरले, हिचा भाऊ पहिलीच गोष्ट तीच काढणार बघ. म्हातारी जायच्या आठ दिवस आधी फोन केला होता म्हणून सांगणार. कारखान्यात मीच घेतला होता तो. धाकटी सहा महिन्यांची, बाहेर हे एवढं बर्फ. मी हिला बोललोच नाही. त्याला सांगितलं, हिला ताप आहे, येता येणार नाही. म्हातारी एवढ्या लवकर जाईल असं वाटलं नव्हतं गं.’

सतरा वर्षं आई भावाला दोष देत होती, भाऊ तिला, आणि ज्याने दोघांचं तोंड बंद केलं तो माझ्याखाली पाना घेऊन रडत होता. खरं सांगते, मला त्यांची दया आली. वाटलं, आता पोहोचल्यावर हे स्वतःच सगळं सांगून टाकतील. इतकं ओझं कोण परत घेऊन जाईल?

त्या संध्याकाळी आम्ही फाटकापासून चाळीस किलोमीटरवर मुक्काम केला. फाटक बंद व्हायला दोन दिवस होते. उशीर झालाच होता. ‘वर अडकलो तर चार महिने त्याच्याकडे राहू, मला चालेल,’ असं आई म्हणाली. बाबांनी बॅटरी गोधडीत गुंडाळायला घेतली.

सकाळी ती बर्फ वितळवायला स्टोव्हपाशी बसली होती. बाबांनी बॅटरी आणली, बसवली, आवळली. आणि मग त्यांचा हात पुढे गेला. इंजिनाला डिझेल सोडतो त्या पंपावर एक बारीक वायर येते. ती निघाली की चावी कितीही फिरवा, इंजिन घुमतं पण पकडत नाही. बाबांनी ती काढली. उघडं टोक ठेवणं त्यांच्या हातांना माहीतच नाही, म्हणून टोकाला दोन वेढे काळी टेप लावली, अंगठ्याने दाबली, आणि वायर मागे खोचून ठेवली.

मी दोन दिवस घुमत राहिले. आई चावी फिरवायची, मी जिवाच्या आकांताने फिरायचे, आणि पकडायला काही नाही. बाबा फिल्टर काढायचे, पुसायचे, परत लावायचे. इतकं मन लावून केलेलं खोटं काम मी कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक टेम्पो वर चालला होता. चालक थांबला, खाली उतरला. ‘ताई, पुढे एक जागा आहे. गावापर्यंत सोडतो. नंतर कुणी मिळायचं नाही.’

आईने पिशवी उचललीसुद्धा.

‘अगं, तासाभराचं काम उरलंय,’ बाबा म्हणाले. ‘मागोमाग निघू आपण. एकटी कुठे जातेस.’

आईने माझ्याकडे बघितलं. हातमोजा काढला आणि उघडा तळवा माझ्या बॉनेटवर ठेवला. ‘नको दादा, तुम्ही व्हा पुढे,’ ती टेम्पोवाल्याला म्हणाली. ‘हिने मला कधी वाटेत टाकलं नाही. होईल चालू.’

टेम्पो गेला. त्या क्षणी मला हात असते तर मी तिला उचलून त्यात बसवलं असतं.

बारा वाजले. सकाळपासून आईची नजर घड्याळावरच होती. ती माझ्यासमोर आली आणि शांतपणे बोलली. ओरडली असती तर बरं झालं असतं. ‘तुझ्या भरवशावर थांबले मी. अठरा वर्षं पोरीसारखं वागवलं तुला, आणि नेमका आज दगा दिलास.’ बाबा तिच्या मागे दोन हातांवर होते. त्यांच्याकडे जोडायला एक वायर होती, सांगायला एक वाक्य होतं. त्यांनी दोन्ही गिळलं.

मला एका ट्रकने ओढत पायथ्याच्या गावात आणलं. बाबांनी वर निरोप पाठवला, गाडी बंद पडली, येता येत नाही. मग इथल्या मिस्त्रीला मी भंगाराच्या भावात विकले गेले. ‘हिचा भरवसा राहिला नाही,’ असं बाबा त्याला म्हणाले. आईने दुलईचे पडदेसुद्धा काढून घेतले नाहीत, माझ्याकडे वळूनही न बघता बसमध्ये चढली. वायर परत जोडायला बाबांना एकांत मिळाला नाही, की धीर झाला नाही, कोण जाणे.

मिस्त्रीने मला दोन आठवड्यांनी उघडलं. पंपापाशी हात घातला आणि थांबला. वायर बाहेर ओढून उजेडात धरली. ‘ही तुटलेली नाही,’ तो आपल्या बायकोला म्हणाला. ‘काढलेली आहे. आणि काय टेप लावलीय बघ, कारागीर माणूस आहे.’ त्याने वायर जोडली, चावी फिरवली, आणि मी सुरू झाले. मिस्त्री हसला. स्वस्तात चांगली गाडी लागली म्हणून त्याची कळी खुलली होती.

चार महिन्यांनी फाटक उघडलं आणि मिस्त्री मला घेऊन पठारावर जायला लागला. वर किराणा न्यायचा, खाली माणसं आणायची. मागच्या आठवड्यात शेवटच्या गावातून एका आजारी माणसाला खाली आणायचं होतं. उंच, वाळलेला, मफलर गुंडाळलेला. पुढच्या सीटवर बसला आणि दहा मिनिटं नुसता खोकत होता. हिवाळा त्याने काढला होता.

‘तुमचं कुणी नाही का बरोबर यायला?’ मिस्त्रीने विचारलं.

‘बहीण आहे. यायची होती हिवाळ्याआधी. मी खोली झाडून घेतली, लाकडं फोडून ठेवली. मग निरोप आला, गाडी बंद पडली.’ तो पुन्हा खोकला. ‘आई गेली तेव्हा ताप आला होता. या वेळी गाडी. नाचता येईना अंगण वाकडं. यायचंच नसलं की कारणांना काय तोटा.’

‘कुठे बंद पडली म्हणाले?’

‘फाटकाच्या अलीकडे. हिरवी होती म्हणे, जुनी.’

मिस्त्रीचे हात स्टिअरिंगवर घट्ट झाले. माझ्यापासून ते काही लपत नाही. त्याने एकदा मागे, त्या पडद्यांकडे बघितलं. मी अख्खं इंजिन पणाला लावून वाट बघत होते, बोल रे, आता तरी कुणीतरी बोल. चाळीस किलोमीटर तो बोलला नाही. इस्पितळाच्या दारात मामाला उतरवून दिलं, त्याची पिशवी आत नेऊन ठेवली, आणि परत येऊन बसल्यावर स्वतःशीच म्हणाला, ‘लोकांच्या घरातलं आपण कशाला उकरा.’ तो वाईट नाही. मला वेळेवर तेल देतो. पण बाबाही द्यायचे.

मामाला तिथे महिनाभर ठेवणार आहेत, असं मिस्त्री बायकोला सांगत होता. पुढचं डॉक्टरांनी सांगितलेलं नाही. म्हणून तुम्हाला सांगतेय. घरी गणवेश शिवणारी, माझ्या वयाच्या गाडीला पोरगी म्हणणारी एखादी बाई तुम्हाला कुठे भेटली, तर तिला सांगा, थोरलीने दगा दिला नाही. तेवढं नाही सांगितलं तरी चालेल. पण तिचा भाऊ पायथ्याच्या गावात, इस्पितळात, खिडकीजवळच्या खाटेवर आहे आणि इथवर यायला बस आहे, हे सांगाच. तो तिला बोलावणार नाही, मानी आहे. बाबा बोलणार नाहीत, मिस्त्री बोलणार नाही. माझ्याकडे एक हॉर्न आहे. इस्पितळावरून जाताना मिस्त्री तो वाजवतो तेव्हा मी सगळा जीव त्यात ओतते, पण लोक फक्त बाजूला होतात.