सातव्या महिन्यातली

पद्मा सिस्टरने तळहात एकमेकांवर घासून गरम केले आणि कापसात गुंडाळलेल्या पोरीचा उजवा पाय बाहेर काढला. पाय कसला, तिच्या अंगठ्याएवढा. तो तिने अलगद पोटाकडे दुमडला, क्षणभर धरला, मग सरळ केला. पोरगी कण्हलीसुद्धा नाही.

शेजारच्या खाटेवर तिची आई, शालूबाई, पडून होती. ती वाटीत दूध काढून द्यायची, पण पोरीला हात लावायची नाही. आधीची दोन बाळं अशीच अपुऱ्या दिवसांची जन्मली होती आणि तिच्या मांडीवरच गेली होती. नवरा सयाजी फौजेत. बांगलादेशची लढाई संपून वर्ष होत आलं, पण उन्हाळ्यात एकदा येऊन गेल्यावर त्याला पुन्हा रजा नव्हती. फलटणहून सासू यायची आणि दारातूनच बघून जायची.

"रोज हातपाय हलवा, अंगावरून हात फिरवा. हाडं बळकट होतील, वजन धरेल," नव्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. जोडीची सिस्टर आजारी पडल्यापासून हे सगळं एकट्या पद्मावर आलं होतं. वजन मात्र अजून हलत नव्हतं.

"शालूबाई, थोडं तुम्ही करून बघा ना."

"नगं बाई. माजा हात लागला की ऱ्हात न्हाईत."

शालूबाईने भिंतीकडे तोंड फिरवलं. समजूत घालायचं त्राण पद्मात उरलं नव्हतं. तिने पोरीचा पाय झाकला आणि ती स्टुलावर बसली. डावा पाय राहिला होता. जरा टेकून मग करू, म्हणून तिने भिंतीला डोकं लावलं.

खाट करकरली तशी तिला जाग आली. तिने डोळे किलकिले केले. दुपारचं ऊन खिडकीतून फरशीवर आलं होतं आणि शालूबाई पोरीवर ओणवी झाली होती. तिने डावा पाय दोन बोटांत धरला, पोटाकडे दुमडला, क्षणभर थांबली. अगदी पद्मासारखीच.

एकाएकी पोरीने पाय झटकला. शालूबाईने चटकन हात मागे घेतला. घाबरून तिने पद्माकडे मान वळवली.

पद्माने डोळे मिटून घेतले.

खाट पुन्हा करकरली. मग अगदी बारीक आवाज आला.

"दुखलं व्हय गं? आण बघू हिकडं."