आत सोडलेलं कापड

कोटाचं तिसरं बटण काजात शिरायला तयार नव्हतं. तिने श्वास आत ओढला, पोट पाठीला लावलं आणि दोन्ही अंगठ्यांनी रेटा दिला. बटण शिरलं. श्वास सोडल्याबरोबर ते पुन्हा बाहेर आलं.

दुकानाच्या उभ्या आरशात तिच्या मागे मास्तर दिसत होते. मास्तर म्हणजे तिचा नवरा. बायकांचे कोट, झगे, ब्लाउज शिवण्यात हयात गेलेला शिंपी, त्यामुळे सगळी गल्ली त्याला मास्तर म्हणायची आणि चारचौघांत तीही म्हणायची. त्यांनी इस्त्री उभी केली आणि आरशातल्या तिसऱ्या बटणाकडे पाहिलं.

“लोकर आखडली असेल,” ते म्हणाले. “वर्षभर ट्रंकेत होता ना.”

तिने मान डोलावली. लोकर पाण्यात आखडते, ट्रंकेत नाही, एवढं शिंप्याच्या बायकोला तीस वर्षांत कळलं होतं. पण नवरा भल्यासाठी थाप मारत असेल तर ती त्याला मारू द्यावी, एवढं शहाणपणही तीस वर्षांतच आलं होतं. ती कोट तसाच उघडा ठेवून बाहेर पडली.

बाहेर तिची गाडी उभी होती. ती गाडी चालवायला शिकवायची. शिकणाऱ्याच्या पायाशी एक ब्रेक आणि शेजारी तिच्या पायाशी दुसरा. ऐन वेळी तिचा ब्रेक असा काही लागायचा, की शिकणाऱ्याला आपणच थांबलो असं वाटायचं. त्यावरून तिचं नाव ब्रेकबाई पडलं होतं. नाव ठेवणाऱ्यांना वाटायचं तिला ठाऊक नाही. तिला ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही होतं.

गेल्या हिवाळ्यात मात्र ब्रेकबाईचा स्वतःवरचा ब्रेक सुटला होता. पाळी जाऊन दीड वर्ष झालं होतं. बाहेर काचांवर दव आणि तिच्या अंगातून गरम वाफा. ती गाडीच्या खिडक्या उघडायची आणि शेजारचा शिकाऊ हातमोज्यांतही कुडकुडायचा. झोप दोन-दोन तासांच्या तुकड्यांत. कुणी गिअर चुकला की अंगाचा तिळपापड. हे सगळं सोसण्यासारखं होतं. सोसवेना ते शब्दांचं. ‘उजवीकडे’ म्हणायचं असायचं आणि तोंडातून ‘डावीकडे’ निघायचं. एकदा एका मुलीने तिचं ऐकून गाडी सरळ समोरून येणाऱ्या टेम्पोच्या वाटेत घातली. ब्रेक लागला म्हणून निभावलं. त्या दिवशी ती गाडी कडेला लावून रडली आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंकडे गेली.

डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या, घराण्यात कुणाला काय झालं ते विचारलं आणि हार्मोनची पट्टी दिली. पारदर्शक, टिकलीच्या पाकिटाएवढी. कमरेखाली चिकटवायची, आठवड्यातून दोनदा बदलायची, सोबत झोपताना एक गोळी. महिनाभरात वाफा ओसरल्या. दुसऱ्या महिन्यात ती सलग सहा तास झोपली आणि सकाळी उठून, घरात कुणी आजारी आहे का, असं वाटावं इतकी शांत बसून राहिली. उजवं उजवीकडे गेलं, डावं डावीकडे. मास्तर गिऱ्हाइकांशी पुन्हा विनोद करायला लागले, यावरून तिला कळलं की मधले काही महिने ते विनोद करत नव्हते.

ते सगळं ठीक चाललेलं असताना दोन दिवसांपूर्वी काटा मध्ये आला.

पहिल्या भेटीत नर्सने वजन विचारलं, तेव्हा तिने “साठ” म्हणून सांगितलं होतं. वजनकाट्यापुढे रांग होती आणि साठ तिला पाठ होते, कित्येक वर्षांचे. खोटं बोलण्याचा प्रश्नच नव्हता. दर हिवाळ्यात ट्रंकेतून निघणारा निळा कोट तिच्या अंगाला बसत होता, मग वजन वाढेल कुठून? परवा मात्र रांग नव्हती. ती काट्यावर उभी राहिली आणि काट्याने एकोणसत्तर दाखवले.

“आठ महिन्यांत नऊ किलो,” डॉक्टरीणबाई कागद पाहत म्हणाल्या. “सहसा पट्टीने इतकं वाढत नाही. या वयात वजन वाढतंच, आणि पोटाभोवती साचतं, पट्टी असो वा नसो. पण एवढं, एवढ्या लवकर... रक्त तपासून घेऊ. तोवर पट्टी सुरू ठेवा.”

तिने त्यातलं आठ आणि नऊ एवढंच ऐकलं. संध्याकाळी ताईचा फोन आला, तेव्हा न राहवून तिने ते बोलून दाखवलं.

“मी सांगितलं होतं की नाही?” ताई म्हणाली. “हार्मोन घेतलं की बाई फुगतेच. माझ्या नणंदेचं बघ. अजून काय काय होईल कुणी सांगावं.”

तरी दोन दिवस तिने ते मनात दाबून ठेवलं होतं. मग आज कोटाचं बटण. दुपारी दोन शिकवण्यांच्या मध्ये ती घरी आली, मोरीचं दार लावून घेतलं आणि कमरेखालची पट्टी सोलून कचऱ्याच्या डब्यात टाकली. कातडीवर एक गुळगुळीत चौकोन उरला.

रात्री जेवताना तिने मास्तरांना सांगितलं, “पट्टी बंद केलीय.”

मास्तरांचा घास हातातच राहिला. ते काहीतरी विचारतील असं तिला वाटलं. त्यांनी घास खाल्ला.

विचारणं हे त्या घरात जरा अवघडच होतं. मास्तरांच्या दुकानात एक नेम होता, त्यांच्या गुरूने घालून दिलेला: बाईचं माप मोठ्याने बोलायचं नाही. टेप लावायची, आकडा बघायचा आणि मुकाट्याने वहीत लिहायचा. बाईनेच विचारलं तरी हसून म्हणायचं, “झाकली मूठ सव्वा लाखाची.” गल्लीतल्या बायका लांबलांबच्या मैत्रिणींना इथे घेऊन यायच्या त्या याचसाठी. पण दुकानातला नेम हळूहळू मागच्या खोल्यांतही शिरला होता. तीस वर्षांत नवरा-बायकोत तिच्या अंगाविषयी एक शब्द झाला नव्हता, वाईट नाही आणि चांगलाही नाही.

आठवड्याभरात वाफा परतल्या. दहाव्या दिवशी शब्दही.

त्या दिवशी शेजारी चष्म्याच्या दुकानाचे मालक शिकत होते. सावध माणूस, वीसच्या पुढे काटा जाऊ न देणारा. चौक आला.

“डावीकडे घ्या,” ती म्हणाली.

त्यांनी गाडी जागच्या जागी थांबवली. मागे भोंगे वाजायला लागले.

“मॅडम, तोंड डावीकडे सांगतंय आणि हात उजवीकडे दाखवतोय,” ते अदबीने म्हणाले. “मी कुणाचं ऐकू?”

ती हसली. “हाताचं,” ती म्हणाली. हे थांबले, उद्याची मुलगी थांबणार नाही. एकोणसत्तर किलो घेऊन आपण जगू शकतो, तिला वाटलं, पण एकोणसत्तरचे एकोणऐंशी होत गेले तर? आणि पट्टी नसेल, तर हे काम सोडावं लागेल. अठरा वर्षांत तिने हातपाय धड चालणाऱ्या कुणालाही, तुम्हाला जमणार नाही, असं सांगितलं नव्हतं. आता ते स्वतःला सांगायची वेळ आली होती.

घरी येऊन तिने अंगातला कोट काढला आणि मास्तरांच्या कापायच्या टेबलावर पसरला.

“कडेने मोकळा करा. कामाचं काय ते नंतर ठरवीन. थंडी तर काढायची आहे.”

मास्तर दोऱ्याची रिळं लावत होते. एकच रीळ त्यांनी दोनदा उचलून ठेवलं.

“आत कापड नाही,” ते म्हणाले.

“म्हणजे?”

“मोकळा करायला आत कापड उरलेलं नाही.”

ती त्यांच्याकडे बघत राहिली. मास्तरांच्या हातचं कुठलंही कापड, अगदी सासूचा परकर असो, दोन्ही कडांना दोन-दोन बोटं जादा कापडाची माया आत सोडल्याशिवाय शिवलं जात नव्हतं. माणूस बदलतो, कपड्याने वाट बघावी, असं ते प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचे. आणि हा कोट तर त्यांनी तिला शिकवण्याचा परवाना मिळाला तेव्हा स्वतः शिवला होता.

टाके उसवायची छोटी सुरी तिने उचलली. मास्तर “अगं, थांब” म्हणाले, पण पुढे आले नाहीत. काखेखालून तिने अस्तर वीतभर उसवलं आणि कापड उलटं करून दिव्याखाली धरलं.

आजची शिवण अगदी काठाला लागलेली होती. तिच्या आत, थोड्या अंतरावर, सुईच्या रिकाम्या भोकांची एक ओळ. तिच्याही आत आणखी एक. आणि त्या ओळींबाहेरचा पट्टा उरलेल्या कोटापेक्षा गडद निळा, इतकी वर्षं आत मिटलेला, ऊन न पाहिलेला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो हा. इथे कळसा खरोखरच काखेत होता.

“पहिल्यांदा कधी उसवला?” तिने विचारलं.

“दोन हिवाळ्यांपूर्वी. ट्रंकेतून काढून ब्रश करतो ना, तेव्हा. एक इंच सोडला.”

“आणि दुसऱ्यांदा?”

“गेल्या हिवाळ्यात. दीड इंच. होतं नव्हतं ते सगळं.”

“पट्टीच्या आधी.”

“हो, आधीच. तू सगळ्या खिडक्या उघडून बसायचीस तेव्हा.” मास्तरांनी टेपची गुंडाळी केली, सोडली, पुन्हा केली. “तेव्हा तू झोपत नव्हतीस. एकदा गाडीतून रडून आलीस. त्यात आणखी कोट आवळायला लागला तर... निदान कोट तरी तुझ्या बाजूने असावा, असं वाटलं मला.”

तिला राग आला आणि त्याच्या पाठोपाठ भरूनही आलं. दोन्ही एकदमच आल्यामुळे ती समोरच्या स्टुलावर बसली.

“कोट माझ्या बाजूने होता,” ती म्हणाली, “म्हणून मी नर्सला छातीठोकपणे साठ सांगितले. मागे दवाखान्यात काट्याने एकोणसत्तर दाखवले. मधले नऊच्या नऊ पट्टीच्या माथी गेले. म्हणून मी ती काढून टाकली. आणि आज चष्मेवाल्यांना डावीकडे सांगून उजवीकडे हात दाखवला.”

मास्तर उभे होते ते समोरच्या खुर्चीत बसले. त्यांचा चेहरा पार उतरला.

“का काढलीस ते तू सांगितलं नाहीस.”

“तुम्ही विचारलं नाहीत.”

दोघांचंही खरं होतं.

मग तिने भोकांच्या ओळींवर बोट ठेवून मोजलं. दोन वर्षांपूर्वी एक. गेल्या वर्षी दीड. आणि पट्टी लागल्यापासून, बटण सुटत होतं त्या हिशेबाने, फार तर अर्धा. तिने फोन उचलला. डॉक्टरीणबाईंना तिने पट्टी आणि गोळी बंद केल्याचं सांगितलं, साठ कुठून आले ते सांगितलं, कोटाचं सांगितलं, शिवणी सांगितल्या. पलीकडे पेन कागदावर खरखरत होतं.

“शिवणीवरून पेशंटचा इतिहास मी पहिल्यांदाच लिहितेय,” डॉक्टरीणबाई शेवटी म्हणाल्या. “पट्टी आजच लावा, गोळीही सुरू करा. रक्त तपासायला मात्र यायचं. आणि वजनाचं काय करायचं ते आपण वेगळं बघू, चालणं, खाणं, सगळं. पण यापुढे काट्यावर उभं राहायचं.”

ती आत गेली, कपाटातल्या खोक्यातून एक पट्टी काढली आणि कमरेखाली लावून तळव्याने दाबून धरली. बाहेर आली तेव्हा मास्तर फडताळातून लोकरीचा नवा तागा काढून त्यावरची धूळ झटकत होते. तोही निळाच होता. उसवलेला कोट त्यांनी नीट घडी घालून बाजूला ठेवला होता.

“माप घ्या,” ती आरशापुढे उभी राहून म्हणाली.

त्यांनी टेप तिच्या कमरेभोवती फिरवली, चष्मा वर केला, आकडा बघितला आणि सवयीने कानावरची पेन्सिल काढली.

“लिहू नका. बोला.”

मास्तरांनी रस्त्याकडच्या दाराकडे पाहिलं. दार बंद होतं, तरीही त्यांनी आवाज खाली आणला.

“छत्तीस.”

ती आरशातून त्यांच्याकडे बघत राहिली.

“साडेछत्तीस,” ते म्हणाले.

“साडेछत्तीस,” तिने मोठ्याने म्हटलं. छप्पर काही कोसळलं नाही. रस्त्यावरून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

मास्तरांनी आकडा लिहिला, खडू हातात घेतला आणि कापडावर पहिली रेघ ओढण्याआधी थांबले.

“कडेला दोन बोटं सोडू ना आत? नेहमीसारखी?”

“सोडा,” ती म्हणाली. “पण उसवायच्या आधी मला सांगायचं.”