गिळलेले घोट

चाखणिसाने मीठ सोडलं तेव्हा घरात कुणाचा विश्वास बसला नव्हता. जेवताना मिठाची डबी ताटाला चिकटवून बसणारा माणूस तो! पण डॉक्टरीणबाईंनी बजावलं, की रक्तदाब खाली आला नाही तर धाकटीला मूत्रपिंड देता येणार नाही, आणि त्याच दिवशी त्याने डबी बायकोच्या हवाली केली. "लपवून ठेव. मी मागितली तरी देऊ नकोस." त्यानंतर अळणी भाजी आणि अळणी रस्सा तो खाली मान घालून खात राहिला, आणि डबी काही त्याने मागितली नाही.

धाकटी म्हणजे त्याची एकुलती एक बहीण. लहानपणीच्या एका दुखण्याने तिची मूत्रपिंडं पोखरली होती, ती आता पार कामातून गेली. आठवड्यातून तीनदा यंत्राला जोडून तिचं रक्त धुऊन घ्यावं लागे. नवरा द्यायला तयार होता, पण त्याचं काही जुळेना. दादाचं मात्र रक्त जुळलं, पेशी जुळल्या, सगळं कसं मापात बसलं, आणि माशी शिंकली ती दादाच्या रक्तदाबावर.

तेव्हापासून त्याचा जीव टांगणीला लागला होता. घरात धड बसेना. उठायचा, खिडकीपर्यंत जायचा, परत यायचा, पाणी प्यायचा, पुन्हा उठायचा. बायको म्हणायची, "अहो, फरशीला खड्डा पडेल, बसा की जरा." कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात दाब मोजायचं यंत्र होतं. जाता-येता हा त्यात दंड घालायचा. शेवटी दुकानदाराने हात टेकले. "काका, सकाळपासून कितीदा आलात? दाब आहे तो, लिफ्ट नाही, बटण दाबलं की खाली यायला!" चाखणीस हसला, रस्ता ओलांडून गेला आणि तसाच माघारी येऊन त्याने पुन्हा दंड पुढे केला.

आता हे 'चाखणीस' काय प्रकरण, ते सांगायला हवं. हा होता सरबताच्या कारखान्यात. मोठमोठ्या टाक्यांत पाक उतरला, रंग आणि वास मिसळला, की बाटल्या भरण्याआधी यानं येऊन घोट घ्यायचा आणि मान डोलवायची. मान डोलली तर बाटल्यांचा पट्टा सुरू, नाहीतर सगळे हात थांबले. साखर मोजायला यंत्रं होतीच, पण यंत्राला घसा नसतो, असं त्याचे वस्ताद म्हणायचे. वस्तादांनी पहिल्या दिवशी एकच नियम शिकवला होता: थुंकायचं नाही. जिभेला गोडी कळते, पण गोडी मागे किती रेंगाळते ते घशालाच कळतं. शेजारच्या कारखान्यातला चाखणारा चूळ भरल्यासारखा बादलीत थुंकायचा. त्याला इकडच्या लोकांनी कधी माणसांत धरलं नाही.

तर आपला चाखणीस गिळायचा. टाकीमागून टाकी, पाळीमागून पाळी, आणि उन्हाळ्यात बाटल्यांना मागणी वाढली की विचारूच नका. गंमत अशी, की त्याला स्वतःला गोडाचा भारी तिटकारा. चहा बिनसाखरेचा. कुणाच्या वाढदिवसाला केकचा तुकडा पुढे आला की हात आडवा. लोक मुलांना त्याचं उदाहरण द्यायचे: दिवसभर गोडात राहतो, पण तोंडाला लावत नाही. त्यालाही ते खरंच वाटायचं.

तपासणीच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी दंडाला पट्टा गुंडाळला, हवा भरली, सोडली, आणि पुन्हा भरली.

"दाब मागच्यापेक्षा जास्त आहे," त्या म्हणाल्या. "मधुमेह नाही, ते ठीक. पण आता लघवीतून प्रथिनंही जाताहेत. मीठ खरंच सोडलंत?"

"बोट लावलं नाही!"

"डबी माझ्याकडे आहे," बायकोने साक्ष दिली.

"गोड?"

"शिवत नाही." हे त्याने जरा ताठ्यातच सांगितलं.

"सरबतं, थंड पेयं?"

"छे! नाव काढू नका."

बायको मान हलवायला गेली आणि मध्येच थांबली. "अहो," ती हळूच म्हणाली, "आणि त्या टाक्या?"

"कुठल्या टाक्या?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"ते काम आहे!" चाखणीस उसळला. "कामावरचा घोट म्हणजे काय पिणं झालं का? ही पण ना, काहीतरीच!"

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "घोट केवढा असतो?"

त्याने हाताने पेला दाखवला. मग सकाळी कुठल्या टाक्या येतात, दुपारी कुठल्या, एखाद्या टाकीचा संशय आला तर तीच कशी पुन्हा पुन्हा चाखावी लागते, हे तो सांगू लागला. सांगता सांगता त्याचा आवाज बारीक झाला. इतकी वर्षं हे सगळं त्याने सलग कुणालाच सांगितलं नव्हतं, स्वतःलाही नाही.

"एवढी साखर रोज पोटात गेली की यकृताला ती आवरत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "रक्तात यूरिक आम्ल वाढतं, रक्तवाहिन्या आखडतात, दाब चढतो. आणि चढलेला दाब झोडपतो मूत्रपिंडांना. ती म्हणजे बारीक चाळणी असते हो. तुमची गळायला लागली आहे. सगळा दोष साखरेचाच असं मी म्हणत नाही, वय असेल, घराणं असेल. मीठ सोडलंत तेही चांगलंच केलंत. पण चोर सोडून संन्याशाला फाशी दिल्यासारखं झालं."

"मग आजपासून थुंकतो! पुढच्या महिन्यात पुन्हा तपासा. तोवर येईल की खाली."

"थुंका. जरूर थुंका. त्याने तुमची मूत्रपिंडं वाचतील." त्यांनी तपासणीचा कागद मिटला. "पण आता ती तुम्हालाच लागणार आहेत, दोन्ही. तुमच्याकडून मला एकही घेता येणार नाही."

बायको औषधं आणायला गेली आणि हा दवाखान्याच्या बोळातून येरझाऱ्या घालत राहिला. वस्तादांचा राग आला. ते वारून किती काळ लोटला होता. त्यांच्यावर रागावून काय उपयोग? मग स्वतःचा राग आला, तो मात्र जाईना. थुंकणाऱ्याला आपण हसलो. त्याचं मूत्रपिंड आज कुणाच्या तरी कामाला आलं असतं. त्या दिवशी तिथेच रक्त धुवायला आलेल्या धाकटीच्या खोलीच्या दारापर्यंत तो जायचा, मूठ वळायचा आणि मागे फिरायचा. शेवटी आतून तीच ओरडली, "दादा, तुझ्या चपला ओळखते मी. ये ना आत."

ती खुर्चीत पाय लांबवून पडली होती, हाताला नळ्या, शेजारी यंत्र घरघरत होतं. त्याचा चेहरा पाहून तिला निम्मं कळलं. उरलेलं त्याने सांगितलं, उलटंसुलटं, आधी टाक्या, मग चाळणी, मग वस्ताद.

"मी तुला बुडवलं गं," तो म्हणाला.

"वेडा आहेस का? दुसरं कुणी देईल. मिळतं कधीतरी." तिने हसायचा प्रयत्न केला. "तोवर हे यंत्र आहेच. सवय झालीय मला."

तिचं ते उसनं हसू त्याला बघवेना. शेजारच्या यंत्राची खुर्ची नुकतीच रिकामी झाली होती, तो तिच्यात मटकन बसला. मान मागे टेकली. त्या खुर्च्यांची घडणच अशी, की बसणाऱ्याचा हात आपोआप उताणा होऊन, नळ्या जोडून घ्यायला तयार असल्यासारखा, रुंद दांडीवर पडतो. त्याचाही पडला.

"ऊठ!"

धाकटी इतक्या मोठ्याने कधी बोललीच नव्हती. ती अर्धी उठली, नळ्या ताणल्या गेल्या आणि यंत्र कर्कश वाजू लागलं. नर्स धावत आली.

"ऊठ तिथून, दादा! ऊठ म्हणते ना! त्या खुर्चीत तू बसायचं नाहीस. कधीच नाही!"

तो धडपडत उठला, आणि नर्सने यंत्र शांत केलं तरी खोलीच्या मधोमध तसाच उभा राहिला.