गल्ली नं. ९ – माणसे काढणे

साहेब, तुम्ही एक ओळ धड लिहिली नाहीत, आणि आता म्हणता की चूक वाचणारीची आहे. ती ओळ वाचली गेली तेव्हा मी त्याच टेबलावर होतो. चूक तुमची आहे.

मित्रांनो, साहेब हे वाचतील याची खात्री नाही, निदान तुम्ही तरी वाचा. मी एक जुना प्लॅस्टिकचा शिंपी आहे. उंचीने तुमच्या अंगठ्याच्या पेराएवढा. मी चिडलोय असं तुम्हाला वाटेल, पण प्लॅस्टिकला दुखत नाही आणि रडूही येत नाही. जे झालं ते सांगतो.

मी काही शिंपी म्हणून जन्माला आलो नाही. साच्यातून निघालो तेव्हा आम्ही सगळे करडे होतो, एका चौकटीला शेंगांसारखे लटकलेले. आमच्यात प्रकार तीनच: उभा, चालणारा आणि बसलेला. मी बसलेला. शहराच्या कचेरीत तळमजल्यावर एक कार्यशाळा आहे, तिथे आम्ही खोक्यातून आलो. त्या कार्यशाळेत शहराची लहान प्रतिकृती बनते. घरं पुठ्ठ्याची, झाडं स्पंजची, माणसं आमच्यासारखी. पुढे काय बांधायचं आणि काय पाडायचं ते आधी या प्रतिकृतीत ठरतं, मग बाहेर होतं.

रंगकाम काकू करते. सगळी कार्यशाळा तिला काकूच म्हणते, तिच्याहून वयाने मोठा असलेला सुतारसुद्धा. कटरने चौकटीवरून सोडवायचं, पॉलिश पेपरने घासायचं, अस्तराचा पहिला हात मारायचा, कपडे रंगवायचे आणि सगळ्यात शेवटी दोन केसांच्या ब्रशने डोळे. डोळे झाले की काकू म्हणायची, "हं, निघाला माणूस." म्हणून तिथे आम्हाला रंगवण्याला 'माणूस काढणे' म्हणतात. चित्र काढतात तसा माणूस काढायचा.

अकरा वर्षांपूर्वी वरच्या मजल्यावरून चिठ्ठी आली: 'गल्ली नं. ९ – माणसे काढणे.' गल्ली नऊ ही काकूची स्वतःचीच. मग तिने हात आखडता घेतला नाही. मोजून तेवीस माणसं काढली. शेजारची अंगाने भरलेली वहिनी, तिचा भांडकुदळ सासरा, सायकल ढकलत चाललेला पोस्टमन. आणि मी, म्हणजे काकूचा नवरा, गल्लीच्या तोंडाशी मशीन मांडून बसणारा. माझ्या गळ्यात तिने केसाएवढी पिवळी टेप घातली आणि तिच्यावर तीन काळ्या रेघाही मारल्या.

प्रतिकृती काचेत बसली त्या दिवशी काकूचा नवरा बघायला आला. काचेला नाक लावून त्याने मला शोधून काढलं.

"एवढं पोट आहे का माझं?"

"कमी करून काढलंय," काकू म्हणाली.

"आणि टेप वाकडी कशी?"

"तुम्ही सरळ कधी घातलीत?"

तो हसला. मग बराच वेळ तिथेच उभा राहिला, दुकान उघडं टाकून.

सुरुवातीला आमचं कौतुक झालं. शाळेच्या सहली यायच्या. तेव्हाचे साहेब पाहुण्यांना म्हणायचे, "आमच्याकडची माणसं ओळखू येतात बघा." पुढे पाहुणे कमी झाले. दिव्याच्या धगीने माझी टेप पांढरी पडली, वहिनीची लाल साडी विटकरी झाली. काचेच्या फटीतून धूळ आत आली आणि पोस्टमनच्या सायकलीवर बसली. एके दिवशी दिवा गेला. कोणी बदलला नाही. मी अंधारात बसून राहिलो. बसायलाच मला बनवलं होतं.

मग साहेब, तुम्ही आलात. प्रतिकृती नवी करायचं ठरलं. आम्हाला काचेतून उचलून खाली काकूच्या टेबलावर ठेवलं गेलं. कचेरीच्या भिंतीवर नोटीस लागली की गल्ली नऊच्या जागेचा फेरविचार चालू आहे, कोणाची हरकत असेल तर पंधरा दिवसांत लेखी द्यावी. आणि त्याच आठवड्यात खाली चिठ्ठी आली: 'गल्ली नं. ९ – माणसे काढणे.'

काकूने ती दोनदा वाचली आणि स्टुलावर बसली. "गल्ली राहिली बाबा," ती म्हणाली.

सुतार म्हणाला, "काकू, एकदा वर जाऊन विचारून या. नोटीस एक बोलते, चिठ्ठी एक बोलते."

"काय विचारू? माणसे काढणे म्हणजे काय, असं? अकरा वर्षं हेच करतेय आणि आता अर्थ विचारायला जाऊ? हसतील मला."

"हसले तर हसले. तेवढंच त्यांना काम."

"तुम्ही तुमचा पुठ्ठा कापा."

मित्रांनो, जुन्या रंगावर नवा रंग थापला तर नाक-डोळे बुजतात. म्हणून आधी जुना रंग उतरवावा लागतो. भांडारातून थिनर आलं होतं, काकूने ते आल्या पावली परत पाठवलं. थिनरमध्ये आमच्या जातीचं प्लॅस्टिक विरघळतं आणि चेहरा मेणासारखा ओघळतो. तिने जखम पुसायचं स्पिरिट आणलं, काचेच्या बरण्यांत ओतलं, आम्हाला आत सोडून झाकण लावलं. दुसऱ्या दिवशी रंग सायीसारखा सुटला. मग दात घासायचा मऊ ब्रश घेऊन तिने एकेकाला घासलं. माझी टेप कॉलरच्या घडीत अडकून बसली होती. ती तिने दातकोरण्याने हळूहळू सोडवली. डोळे त्याआधीच गेले होते. ऐकू तेवढं येत होतं.

"नवऱ्याला अंघोळ घालायची हौस भागवून घेताय वाटतं," सुतार म्हणाला.

"घरचा ऐकत नाही. हा तरी गप्प बसतो."

ती खुशीत होती. घासता घासता बोलायची, म्हणून गल्लीत काय चाललंय ते मला कळत गेलं. रोज कोणी ना कोणी तिला गाठायचं. तू आत कामाला आहेस, खरं काय ते सांग. ती सांगायची, "निश्चिंत राहा. मी माझ्या हाताने सगळ्यांना नव्याने काढतेय." मग वहिनीने हरकत लिहिली नाही. तिचा सासरा शेजाऱ्याच्या कुंडीवरही हरकत घेतो, पण त्यानेही लिहिली नाही. काकूच्या नवऱ्याने अर्ज लिहून ठेवला होता. त्या कागदावर त्याने एक बाही बेतली. पंधरा दिवस संपले.

त्यानंतर चार दिवसांनी तुम्ही खाली आलात. आम्ही तेवीस जण फडक्यावर ओळीने वाळत होतो. काकू अस्तर ढवळत होती.

"हे काय चाललंय?"

"चिठ्ठी होती ना साहेब. गल्ली नऊ, माणसे काढणे."

"हो, मग काढलीत ना? टाकली का नाहीत?"

काकूला कळायला वेळ लागला. सुताराला आधी कळलं. त्याने हातातली पट्टी खाली ठेवल्याचा आवाज आला.

"टाकायची होती?" काकूने विचारलं.

"काढणे म्हणजे काढणे. गल्ली जातेय, तिथे बाग होणार." मग तुम्ही मला उचललंत आणि नखाने टोकरून पाहिलंत. "बरं झालं, रंग उतरलाच आहे. बागेत फिरायला आलेली माणसं करून टाका यांची. रंग जरा प्रसन्न द्या."

तुम्ही मला ठेवलंत ते उताणं ठेवलंत.

दुसऱ्या दिवशी काकूचा नवरा नवा अर्ज लिहून वर गेला आणि परत येताना कार्यशाळेच्या दारात थांबला.

"मुदत संपली म्हणे."

"आणि?"

"आणि काही नाही. म्हणाले, तुमची बायको कचेरीत आहे, तिला भाषा कळायला हवी होती."

तो फडक्यापाशी आला. त्याने मला उचलून तळहातावर घेतलं.

"हा मी का?"

"होतात," काकू म्हणाली.

गल्लीत आता वहिनी काकूशी बोलत नाही. नळावर काकू आली की बाकीच्या आपापल्या बादल्या पुढे सरकवतात. शिव्या कोणी देत नाही. हे काकूने सुताराला सांगितलं, आवाज न चढवता, पोस्टमनला फिकट हिरवा शर्ट घालता घालता. त्याची सायकल काढून टाकली आहे आणि आता तो नुसताच चालतो. मला निळा सदरा मिळाला. मला बाकावर चिकटवलं आहे. माझे डोळे काकूने काढले नाहीत. तुम्ही पाहणी केलीत आणि छान म्हणालात.

मित्रांनो, तुमच्याकडेही जुनी रंगवलेली माणसं असतील. रंग जुना झाला तर जरूर उतरवा. थिनर नको, स्पिरिट घ्या, ब्रश मऊ घ्या, घाई करू नका. पण बरणीत सोडण्याआधी तो कोण आहे हे एकदा नीट पाहून घ्या. आणि हुकूम देणाऱ्याला त्याचा अर्थ विचारा. लाज वाटली तरी विचारा. एका बाईला लाज वाटली आणि एक गल्ली गप्प बसली.

आता साहेब, तुमच्याशी. चौदा घरांनी मिळून अर्ज दिला आहे. काकूनेही खाली सही केली आहे, नोकरी तुमच्याकडे असताना. अर्ज मुदतीनंतरचा आहे, हे कोणी नाकारत नाही. पण मुदतीत ती माणसं गप्प राहिली ती तुमच्या अक्षरावर विश्वास ठेवून. आठ दिवस झाले, अर्ज तुमच्या टेबलावर पेपरवेटखाली आहे. तो तुम्ही दाखल करून घेणार की नाही? हो असेल तर हो लिहा, नाही असेल तर नाही लिहा, आणि खाली सही करा. घरं पाडायला माणसं येण्याच्या आधी उत्तर द्या.