बोटभर नमस्कार

माझ्या नवऱ्याचा स्वभाव फार चांगला आहे, असं सगळा गाव म्हणतो. गाव त्याच्याबरोबर राहत नाही. राहते मी.

फिन्टनला कशाचं वाईट वाटलेलं आजवर कुणी पाहिलेलं नाही. वादळात गोठ्याचं छप्पर उडून शेजारच्या कुरणात जाऊन पडलं, तेव्हा हा अंगणात उभा राहून म्हणाला, "गाईंना जरा हवा लागेल. झकास." आमच्या लग्नात केक मांडलेलं टेबल केकसकट कोसळलं, तर म्हणतो कसा, "कापायचा त्रास वाचला." माझ्या धाकट्या बहिणीला याचं भारी कौतुक. "अट्रॅक्टा, नशीब काढलंस गं तू," असं ती मला दर ख्रिसमसला ऐकवते. तिचा नवरा छपराला वेळच्या वेळी खिळे ठोकतो, म्हणून तिला हे सुचतं.

तसा 'झकास' या शब्दाला आमच्या भागात काही अर्थ उरलेला नाही. चहा झकास, पाऊस झकास, मोडलेला पाय कसा आहे विचारलं तर तोही झकास. पण बाकीचे निदान म्हणताना कपाळाला आठी घालतात. फिन्टन ते मनापासून म्हणतो, आणि त्याचाच मला राग येतो.

त्यात त्याचं ते बोट. समोरून गाडी आली की हात स्टिअरिंगवरच ठेवून पहिलं बोट तेवढं उचलायचं, हा आमच्याकडचा नमस्कार. अख्खा हात हलवलात तर तुम्ही डब्लिनहून आलात असं समजतात. बोट उचललंच नाही तर एक तर भांडण आहे, नाही तर घरात मयत आहे. फिन्टन सगळ्यांना बोट उचलतो. ओळखीच्यांना, परक्यांना, रस्ता चुकलेल्या जर्मन प्रवाशांना. एकदा तर मी त्याला कुंपणापलीकडच्या गाढवाला बोट उचलताना पकडलं. "ओळखीचं आहे ते," म्हणाला.

या वसंतात अंघोळ करताना माझ्या हाताला गाठ लागली. छातीत, डाव्या बाजूला, वाटाण्याएवढी. स्लायगोच्या हॉस्पिटलात सुई घालून तपासणी झाली आणि मग तिथल्या नर्सचा फोन आला. गुरुवारी रिझल्टसाठी या, आणि सोबत कुणाला तरी घेऊन या. आवाज इतका गोड होता की मी खुर्चीत बसलेच. चांगली बातमी ऐकायला सोबत लागत नाही, एवढं मलाही कळतं.

फिन्टन पावाला लोणी लावत होता. त्याला सांगितलं.

"गुरुवारी ना?" तो म्हणाला. "मग बरंच झालं की. स्लायगोला जायचंच होतं. गवत कापायच्या यंत्राचं पातं धार लावायला टाकू. कोंबड्यांचं खाद्य आणू. तुझा चष्मा दुरुस्त होऊन पडलाय, तो घेऊ. जाता जाता नोरीन आत्याला सफरचंदाचा टार्ट देऊ. आणि मध्ये तुझं ते करून येऊ."

"माझं ते?"

"हो, म्हणजे… ते."

एवढ्या वर्षांच्या संसारानंतर मी कोंबड्यांचं खाद्य आणि यंत्राचं पातं यांच्या मध्ये कुठेतरी बसले होते. मी एक शब्द बोलले नाही. बोलले असते तर त्या पात्याला धारेची गरज पडली नसती.

गुरुवारी निघालो. आभाळ गच्च भरलेलं. हा शीळ घालत होता, एकाच गाण्याची एकच ओळ, संपली की पुन्हा पहिल्यापासून. मी हातात जपमाळ घेतली आणि डोळे मिटून घेतले. प्रार्थनेसाठी कमी आणि त्याचा हसरा चेहरा दिसू नये म्हणून जास्त. स्लायगोचा रस्ता मला पाठ आहे, तो बघायची गरज नव्हती.

नोरीन आत्याकडे थांबलो. दोन दोन कप चहा झाला, तिच्या गुडघ्यांची विचारपूस झाली, दारात उभं राहून निरोपाचा तो नेहमीचा न संपणारा सोहळा झाला. गाडी मुख्य रस्त्याला लागल्यावर मागच्या सीटवर टार्ट तसाच दिसला.

"फिन्टन, आपण तिथे कशासाठी थांबलो होतो?"

त्याने आरशात पाहिलं. "झकास," म्हणाला. "आता आपल्यालाच खायला मिळेल."

स्लायगोत त्याने मला गाडीतच बसायला सांगितलं आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पातं घेऊन तो तडक चष्म्याच्या दुकानात शिरला. काचेतून मला सगळं दिसत होतं. त्याने ते लांबलचक पातं काउंटरवर ठेवलं, कागद सोडला आणि काहीतरी म्हणाला. काउंटरवरच्या मुलीने दोन्ही हात वर केले. मग बरंच हसणं झालं, बाकीची गिऱ्हाइकंही हसली, आणि हा एका हातात चष्म्याची डबी आणि दुसऱ्या हातात पातं घेऊन बाहेर आला.

"धार लावून मागितलीस ना त्यांच्याकडे?"

"मागितली. चांगली माणसं आहेत गं, पोलिसांना नाही बोलावलं."

डबी उघडली तर आत कुणा भलत्याच बाईचा चष्मा. जांभळ्या काड्या, त्यावर चमचमते खडे. "तुला शोभेल," म्हणाला. मी डबी मिटली. माणसाने आनंदी असावं, मान्य आहे. पण बायको शेजारी बसून मरणाचा विचार करत असताना त्याने निदान चष्मा तरी बरोबर आणावा.

मग माझं ते.

डॉक्टरीण तरुण होती, आणि माझ्या डोळ्यांत बघून बोलत होती, हे मी तिच्या बाजूने सांगते. गाठ कॅन्सरची आहे. लहान आहे, वेळेत सापडली आहे. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन, मग किरणांचे उपचार. पूर्ण बऱ्या होण्याची आशा खूप चांगली आहे, असं ती दोनदा म्हणाली.



"म्हणजे झकास," फिन्टन म्हणाला.

डॉक्टरीण क्षणभर गोंधळली. "हो," ती सावकाश म्हणाली, "तसं म्हणायला हरकत नाही."

बाहेर पडल्यावर मी त्याची बाही धरली. "फिन्टन, मला कॅन्सर झालाय."

"लहान आहे म्हणाली ना ती."

"लहान आहे. पण माझा आहे."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे. "चल," म्हणाला, "खाद्याचं दुकान बंद होईल."

आई गेली तेव्हासुद्धा मला इतकं एकटं वाटलं नव्हतं. परत येताना मी पुन्हा डोळे मिटले. जपमाळ पर्समध्येच राहू दिली. देवाशीसुद्धा बोलायची इच्छा नव्हती.

घरी आल्यावर त्याने सगळं सामान स्वयंपाकघरात आणून ठेवलं आणि एक घमेलं भरून घेऊन कोंबड्यांकडे गेला. मी पोत्यावरची अक्षरं वाचली. घोड्यांचं खाद्य होतं ते. आमच्याकडे घोडा नाही, कधी नव्हता. बोथट पातं, जांभळा चष्मा, टार्ट आणि घोड्यांचं खाद्य यांच्याकडे बघत मी बसून राहिले.

तेवढ्यात मॅलकी आला. मॅलकी आमच्या पलीकडच्या शेतातला, दिवसभर ट्रॅक्टरवर असतो आणि त्याच्या अंगावर धुतलेला कोट फक्त चर्चमध्ये दिसतो. आज तो कोट होता. एका हातात टोपी, दुसऱ्यात फडक्यात गुंडाळलेला ताजा पाव.

"कोण गेलं, अट्रॅक्टा?" त्याने दारातूनच हळू आवाजात विचारलं.

"कोण गेलं म्हणजे?"

"वाईट नको वाटून घेऊस. सकाळी पुलापाशी फिन्टन माझ्या समोरून गेला. मी बोट उचललं. त्याने नाही उचललं."

"पाहिलं नसेल."

"फिन्टनने?" मॅलकी म्हणाला. "अगं, तो गाढवाला बोट उचलतो. आधी मला वाटलं, आपलंच काही चुकलं. त्याची शिडी आहे माझ्याकडे, आणून दिली नाही अजून. दिवसभर तीच मनात. मग टपालवाली ब्रीजी भेटली. म्हणाली, मलाही नाही उचललं. फादरनाही नाही. तेव्हा मात्र आम्ही म्हटलं, मयतच झालीय. दोन्ही हातांनी स्टिअरिंग असं आवळून धरलेलं त्याने, कुणी हिसकावून घेईल असं. तोंड पांढरं पडलेलं. आणि तू शेजारी, डोळे मिटून. माझी बायको म्हणाली, अट्रॅक्टाच तर नाही ना गेली?"

"मी गेलेले नाही, मॅलकी."

"ते मला दारातच दिसलं. बरं वाटलं."

मी त्याला आत बसवलं आणि सांगितलं, जेवढं सांगता आलं तेवढं. त्याने टोपी हातात दोनदा फिरवली. मग पाव टेबलावर ठेवला, अगदी जपून, तुटणारी वस्तू ठेवावी तसा. "झकास होईल बघ," तो म्हणाला. आणि घाईने जोडलं, "शिडी उद्या आणतो."

तो गेला. मी टेबलाकडे पुन्हा पाहिलं. त्या दिवसभरात माझ्या नवऱ्याने एक काम धड केलं नव्हतं. मला स्लायगोला नेलं आणि परत आणलं, तेवढं सोडून. मला रडू आलं आणि त्याच वेळी त्या पात्याकडे बघून हसूही आलं, आणि दोन्ही एकदम करणं माझ्या वयाला झेपत नाही.

डोळे पुसून मागे गेले. फिन्टन कोंबड्यांच्या खुराड्यापाशी माझ्याकडे पाठ करून उभा होता.

"खातायत बघ," तो न वळता म्हणाला. "आवडलेलं दिसतंय. झकास." आवाज नेहमीचा होता. पण तो काही केल्या वळेना.

मी जाऊन त्याच्या शेजारी उभी राहिले. "मॅलकी आला होता," म्हटलं. "शिडी आणून देतोय."

"शिडी? काय झालं त्याला?"

"काही नाही. सुबुद्धी झाली."

बाकी मी काही विचारलं नाही. कोंबड्या खरोखरच खात होत्या.

ऑपरेशनच्या दिवशी पुन्हा तोच रस्ता. या वेळी बरोबर एकही काम नव्हतं. "पातं राहिलं की," मी म्हटलं. "राहू दे," तो म्हणाला, आणि शीळ सुरू केली, तीच ओळ. या खेपेला मी डोळे उघडे ठेवले. त्याचे दोन्ही हात स्टिअरिंगवर आवळलेले होते, बोटांची पेरं पांढरी. नजर समोर. तोंडावर तेच जुनं हसू, जे गाव इतकी वर्षं स्वभाव समजून बघत आलं होतं, आणि मीही.

पुलापाशी मॅलकीचा ट्रॅक्टर आला. त्याने बोट उचललं. मी फिन्टनच्या हातांकडे पाहिलं. ते सुटण्यातले नव्हते. म्हणून मी पुढे वाकून माझा हात समोरच्या काचेखाली ठेवला आणि पहिलं बोट उचललं. मॅलकी बघतच राहिला. मग त्याने टोपी काढून अख्खा हात हलवला, डब्लिनहून आल्यासारखा.

"पाहिलंस?" मी म्हटलं. "बोट दिलं तर हात दिला त्याने."

फिन्टनची शीळ थांबली. वळणावरून एक हिरवी गाडी येताना दिसली.

"ब्रीजी आहे," तो म्हणाला, रस्त्यावरची नजर न काढता.

मी बोट उचललं.