दहा लाख तीन

लग्नपत्रिकेच्या कोपऱ्यावरचं हळदीकुंकवाचं बोट वाळून तपकिरी झालेलं, आणि मागच्या कोऱ्या बाजूवर, भागाकाराच्या तळाशी, शून्य. कल्याणी त्या शून्याकडे बघतच राहिली. मांडीवर स्वरा नुकती कुठं झोपली होती.

एकशे एक... आहेराच्या पाकिटावर असतो तो साधा, ओळखीचा आकडा – आणि त्यानं दहा लाख तीनला निःशेष भागावं?

पंधरा दिवस, लेकीच्या झोपेझोपेत, ती हेच करत होती. दहा लाख तीन ही मूळ संख्या आहे का? मोबाईलनं क्षणात सांगितलं असतं. पण तिला विचारायचं होतं ते स्वतःच्या डोक्याला. हजाराच्या आतल्या एकशे अडुसष्ट मूळ संख्यांनी भागून बघायचं, पुढं गरज नाही. सातानं भागलं, चार उरले. अकरानं, चार. तेरानंही चार – तेव्हा भरदुपारी अंगावर काटा आला होता तिच्या.

सोमवारपासून गणित शिकवायला याल का, कॉलेजनं विचारलं होतं. उत्तर आज संध्याकाळपर्यंत. आणि इथं बाळंतपणापासून चहात मीठ पडत होतं, शब्द जिभेवरून निसटत होते... भाजक शंभरी ओलांडेपर्यंत एकही चूक झाली नाही तर हो म्हणायचं, असं तिनं मनाशीच ठरवून टाकलं होतं.

"अगं ए कल्याणी, दूध उतू गेलं की सारं!" सासूबाई, बेबीनंदा, दबक्या आवाजात ओरडल्या. "कुठं ध्यान हाय तुझं?"

"आत्याबाई, डोकंच राहिलं नाही मला."

"लेकरू झालं की जातंच. माझं बी गेल्तं."

"मग परत आलं?"

"आलं की. पण दुसरंच आल्तं. पैल्यापेक्षा खवचट!" हसत त्या फडकं शोधायला वळल्या.

कल्याणीही हसली, आणि हसता हसता नजर भागाकाराच्या माथ्यावर गेली – दहा लाख एक. तीनच्या जागी एक! स्वरानं पेन ओढलं होतं, तेव्हाच... तिनं पुन्हा मांडलं. दोन उरले.

म्हणजे इतका वेळ ती भलत्याच संख्येसाठी हळहळत होती. दहा लाख तीन जागची हललीसुद्धा नव्हती. हे जालना शहर वसण्याआधी, कुणी बोटं मोजायला शिकण्याआधी ती अशीच होती. आणि कुठं फुटायचीच असेल, तर ती फटही तिच्यात तेव्हापासूनचीच – आपल्या भागण्यानं पडणारी नव्हे...

अट मोडली होती. चूक झाली होती. पण ती सापडली कुणाला? ज्या डोक्यानं एक लिहिला, त्याच डोक्याला तो दिसलाही... मग हो म्हणायचं की नाही? कळत नव्हतं. फक्त एवढी प्रचंड गोष्ट आपल्याकडून काहीएक न मागता पुढ्यात बसली आहे, याची एक भीती – की भीती नव्हेच ती – छातीत पसरत गेली. श्वाससुद्धा तिनं हळू घेतला, आणि पुढचा भाजक लिहिला : एकशे तीन.